जॉइन कोण लावतं?

मी डेटाबेस सांभाळते. अ‍ॅप बनवणारे वेगळे, त्याला रंगरूप देणारे वेगळे. पण लोक त्या अ‍ॅपमध्ये जे काही लिहितात, दाबतात, चढवतात ते शेवटी ज्या टेबलांत, म्हणजे ओळी-रकान्यांच्या तक्त्यांत, जाऊन पडतं, ती टेबलं माझ्यासारख्यांच्या हाती असतात. त्यामुळे प्रायव्हसीचा विषय निघाला की घरातले सगळे प्रश्न माझ्याकडे वळवले जातात. परवा भाचीने विचारलं, “आत्या, अकाउंट डिलीट केलं की सगळं जातं ना गं?”

नुसतं ‘हो’ म्हणून सुटका करून घेता आली असती. पण धंद्याची सवय वाईट. मी उलट विचारलं, “सगळं म्हणजे काय, आणि जातं म्हणजे कुठून?” तिने डोळे फिरवले. (विचारायला स्वतःच येते आणि मग डोळे फिरवते. वयच तसं आहे.) तेव्हा तिला जे घाईत, अर्धंमुर्धं सांगितलं ते इथे नीट लिहून काढते.

आधी ते ‘डिलीट’. मी आजवर पाहिलेल्या बहुतेक सिस्टिम्समध्ये हे बटण दाबल्यावर त्या क्षणी काहीही पुसलं जात नाही. टेबलात ‘इज डिलीटेड’ अशा नावाचा एक कॉलम असतो, त्यात शून्याचा एक होतो. बस्स. ओळ जागच्या जागी राहते. स्क्रीनवर दाखवायच्या क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला केलेल्या मागणीत, फक्त ‘एक असलेल्यांना वगळा’ अशी अट असते. आमच्यात याला सॉफ्ट डिलीट म्हणतात. यात काही काळंबेरं असतंच असं नाही. माणूस दुसऱ्या दिवशी येतो, चुकून दाबलं गेलं म्हणतो, त्याचं त्याला परत द्यावं लागतं. शिवाय एका ओळीला इतर टेबलांतल्या शेकडो ओळी लटकलेल्या असतात. ती उपटली तर त्या अधांतरी राहतात आणि रात्री दोन वाजता मला फोन येतो. मग कधीतरी खरोखर पुसणारा प्रोग्रॅम चालतो, कोणी लिहून ठेवला असेल तर. त्यापलीकडे बॅकअप. त्यापलीकडे रिपोर्टसाठी काढलेली प्रत, आणि लॉग. आणि प्रत्येक कंपनीत ‘टेम्प फायनल नवीन दोन’ अशा थाटाच्या नावाचं एक टेबल असतंच. ते कोणी आणि कशासाठी केलं हे आता कोणाला सांगता येत नाही, कारण करणारा केव्हाच नोकरी सोडून गेलेला असतो, आणि ते उडवायची कोणाची छाती होत नाही.

म्हणून फेसबुक जेव्हा सांगतं की खातं काढायची विनंती केल्यावर ३० दिवस विचार बदलायला आणि सगळं पुसून व्हायला ९० दिवसांपर्यंत लागू शकतात, तेव्हा मला तो आकडा लबाडीचा वाटत नाही. ‘ताबडतोब आणि कायमचं’ असं कोणी म्हणालं असतं तर मात्र मी कान टवकारले असते.

हा झाला आपण स्वतः टाकलेल्या गोष्टींचा हिशोब. सगळ्यात सोपा भाग तोच.

२०११ साली मॅक्स श्रेम्स नावाच्या कायद्याच्या एका ऑस्ट्रियन विद्यार्थ्याने फेसबुककडे मागणी केली, की माझ्याबद्दल तुमच्याकडे जे काही आहे ते मला द्या. अमेरिका-कॅनडाबाहेरच्या लोकांचा करार तेव्हा फेसबुकच्या डब्लिनमधल्या कंपनीशी होत असे, त्यामुळे युरोपचा कायदा लागू होत होता आणि त्या कायद्यात असं मागायचा हक्क होता. त्याच्या हाती सीडीवर १,२२२ पानांची फाइल आली. त्याने पुसून टाकलेले मेसेज त्यात होते. त्याने नाकारलेल्या मैत्रीच्या विनंत्यासुद्धा होत्या. पुढे त्याने आयर्लंडच्या डेटा आयुक्तांकडे तक्रारींचा सपाटा लावला, आणि त्याच्या खटल्यांत युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ आणि २०२० साली, दोन्ही वेळा, युरोपातला डेटा अमेरिकेत पाठवण्याची तेव्हाची मुख्य व्यवस्थाच रद्द ठरवली.

सगळ्यांच्या लक्षात १,२२२ हा आकडा राहतो. माझी नजर भलतीकडेच जाते. एवढी पानं बाहेर काढायची तर किती टेबलं चाळावी लागली असतील, आणि तरी त्या सगळ्यांना बांधणारा धागा एकच: त्याच्या खात्याचा क्रमांक. तो क्रमांक जिथे जिथे सापडेल तिथलं सगळं उचला, की झाली फाइल तयार.

आता असा डेटा कोणालाही मागवता येतो. बटण असतं, थोडा वेळ जातो, झिप फाइल येते. मी ज्या नेटवर्कवर बरीच वर्षं आहे तिथून माझी फाइल उतरवून घेतली. जेसन फॉरमॅट निवडला, कारण रोजचं कामच त्यात. उघडली, आणि माझं सगळं मराठी मातीमोल झालेलं! कुणाच्या तरी प्रश्नाला मी एका शब्दात उत्तर दिलं होतं: ‘हो’. त्या जागी आता सहा तुकडे होते, प्रत्येकाची सुरुवात बॅकस्लॅश, यू, शून्य, शून्य अशी. लांबलचक पोस्टींची तर नुसती वाळू झालेली. कारण कळायला मला वेळ लागला नाही. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, तीन बाइट घेतं. ‘ह’चे तीन आणि ओकाराच्या मात्रेचे तीन. फाइल बनवणाऱ्या प्रोग्रॅमने त्यातला प्रत्येक बाइट म्हणजे एक स्वतंत्र रोमन अक्षर असं धरलं होतं. इंग्रजी मजकूर एका बाइटचा, म्हणून तो शाबूत. मी दोन ओळींची स्क्रिप्ट लिहिली, बाइट पुन्हा जुळवले, माझा ‘हो’ मला परत मिळाला.

पण हे मी करू शकले. ज्याला यातलं काही कळत नाही अशा माणसाला ‘हा घ्या तुमचा डेटा’ म्हणून हे हाती पडलं तर तो काय करणार? तीच पोस्ट त्यांच्या साइटवर व्यवस्थित दिसत होती. म्हणजे मूळ मजकूर ठणठणीत होता, आम्हाला द्यायच्या प्रतीची कोणाला पडलेली नव्हती. ‘तुमची माहिती तुमच्या ताब्यात’ असं लिहिलेलं पान मला तेव्हापासून फार गांभीर्याने घेता येत नाही.

तुकडे जुळवून झाल्यावर आतलं वाचलं. पोस्टी, फोटो, लाइक, कुठल्या दिवशी कुठून लॉगिन केलं, हे सगळं अपेक्षित होतं. एक यादी मात्र मी दोनदा वाचली: ज्यांनी ‘तुमचं नाव असलेली यादी’ चढवली आहे अशा जाहिरातदारांची. त्यातल्या बऱ्याच कंपन्यांची नावं मी जन्मात ऐकली नव्हती. आणि जे त्यात नव्हतं ते आणखी बोलकं. इतरांनी माझ्याबद्दल काय काय दिलं, ते नव्हतं. माझ्याबद्दल कोणते अंदाज बांधले गेले ते जवळपास नव्हतंच. ‘जाहिरातींसाठी आवडीनिवडी’ म्हणून विनोदी वाटावी अशी एक यादी होती, तिच्यात मी कधीही न पाहिलेला एक खेळ होता.

अंदाज ही काही फुटकळ गोष्ट नाही. २०१५ साली केंब्रिज आणि स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ८६ हजारांहून अधिक लोकांच्या फेसबुक लाइकवरून त्यांचा स्वभाव ओळखायचा प्रयत्न केला. स्वभावचाचणीच्या उत्तरांशी ताडून पाहिलं तर १० लाइकमध्ये संगणकाने सहकाऱ्याला मागे टाकलं, ७० मध्ये मित्राला, १५० मध्ये घरच्यांना, आणि साधारण ३०० मध्ये नवरा किंवा बायकोला. ही माहिती त्या लोकांनी दिली होती का? लाइक त्यांनी दिले; स्वभाव कोणी दिला नव्हता, तो काढला गेला. मग तो कोणाचा?

आता मुद्द्यावर येते. आमच्या कामात ‘जॉइन’ हा शब्द दिवसातून पन्नासदा येतो: दोन टेबलं एका सारख्या कॉलमवरून जोडणं. दोन टेबलं आहेत. एक बूट विकणाऱ्या साइटचं: फोन नंबर, मापाचा आकडा, खरेदीची तारीख. दुसरं सोशल नेटवर्कचं: फोन नंबर, नाव, मित्र, गाव. सुटी सुटी पाहिली तर दोन्ही कंटाळवाणी. फोन नंबरच्या कॉलमवर जॉइन लावला की कोणत्या नावाच्या माणसाने कोणता बूट कधी घेतला आणि त्याच्या मित्रांपैकी अजून कोणी घेतला नाही, हे एका ओळीत समोर येतं. यात नवीन माहिती कोणीही मागितलेली नसते. दोन्ही कंपन्यांना तुम्ही स्वतःच, आपखुशीने, वेगवेगळ्या वेळी नंबर दिलेला असतो.

फोन नंबर हा या जॉइनसाठी सोन्यासारखा कॉलम आहे. माणसं घर बदलतात, नोकरी बदलतात, आडनाव बदलतात, ईमेल तर तीन-तीन बाळगतात. नंबर वर्षानुवर्षं तोच राहतो. म्हणून प्रत्येक अ‍ॅपला तो हवा असतो. टॉर्चच्या अ‍ॅपलासुद्धा.

यावर कंपन्यांचं ठरलेलं उत्तर असतं की नंबर उघडा पाठवला जात नाही, त्याचा हॅश करून पाठवतात. म्हणजे नंबरावर एक गणिती क्रिया करून त्याचं ओळखू न येणारं लांबलचक रूप बनवतात. ऐकायला छान. पण दोन्ही बाजूंनी तीच क्रिया केली की तोच हॅश येतो, आणि जॉइन हॅशवरही तितकाच झकास लागतो. तो तसा लागावा म्हणूनच तर हा खटाटोप. आणि हॅश उलटवून मूळ नंबर काढायचाच म्हटलं, तर दहा आकडी नंबर असून असून किती? एक हजार कोटी. सगळ्यांचे हॅश करून ठेवायला साध्या ग्राफिक्स कार्डाला काही मिनिटं पुरतात. माझ्या हाताखालच्या पोराने हे एकदा गंमत म्हणून करून दाखवलं होतं. ‘हॅश केलेलं आहे, म्हणजे सुरक्षित आहे’ हे वाक्य मीटिंगमध्ये कोणी टाकलं की आम्ही दोघं एकमेकांकडे बघतो.

गंमत म्हणजे फेसबुकने एके काळी हा जॉइन सगळ्यांना उघड दाखवला होता. २००७ च्या नोव्हेंबरमध्ये ‘बीकन’ नावाची सोय आली. बाहेरच्या साइटवर तुम्ही काही विकत घेतलं की ती बातमी तुमच्या फेसबुकच्या मित्रांना दिसायची. लोक भडकले. कोणाची गुपचूप घेतलेली भेटवस्तू जिला द्यायची तिलाच आधी कळली. कोर्टकचेरी झाली, ९५ लाख डॉलरची तडजोड झाली आणि २००९ मध्ये बीकन बंद पडलं. बंद काय झालं, तर मित्रांना दाखवणं. बाहेरच्या साइटवर तुम्ही काय केलं हे खात्याशी जोडणं पडद्यामागे चालूच राहिलं, वाढलं. फेसबुकबाहेरच्या हालचाली बघण्याची सोय २०२० मध्ये सगळ्यांना मिळाली. सेटिंग्जमध्ये खोल कुठेतरी असते, शोधा. आपण कोणकोणती अ‍ॅप वापरतो हे आपल्यालाच नव्याने कळतं.

माझ्या डोक्यात हा विषय पक्का बसला तो ऑनकॉलच्या फोनमुळे. आमच्या टीमकडे रात्रपाळीचा एक फोन आहे, ज्याची पाळी तो घरी नेतो. त्या नंबरवर कधी कोणतंच खातं नव्हतं. एका चाचणीसाठी मी त्यावर एका नेटवर्कचं खातं उघडलं. नाव मनचं ठोकलं, फोटो लावला नाही, संपर्क यादीची परवानगी साफ नाकारली. पहिल्याच पानावर ‘तुम्ही यांना ओळखत असाल’ म्हणून निम्मी टीम हजर! सोबत आमच्या सर्व्हरवाल्यांचा इंजिनियर आणि सोडून गेलेला एक मॅनेजर. मी काहीच दिलं नव्हतं. या सगळ्यांनी तो नंबर आपापल्या फोनमध्ये जपून ठेवला होता आणि आपापली संपर्क यादी नेटवर्कला कधीतरी देऊन टाकली होती. माझ्या नकाराने काय अडणार? माझ्या बाजूची कडी मी लावली, पण दार त्यांच्याकडूनही उघडतं.

खातं नसलेल्यांच्या किंवा आपण स्वतः न दिलेल्या अशा माहितीच्या साठ्याला लोक ‘शॅडो प्रोफाइल’ म्हणतात. २०१३ साली फेसबुकच्या एका बगमुळे हे उघड्यावर आलं. आपला डेटा उतरवून घेणाऱ्यांना ओळखीच्यांचे असे नंबर आणि ईमेल मिळाले, जे त्या ओळखीच्यांनी स्वतः कधी दिलेच नव्हते. इतरांच्या संपर्क याद्यांतून ते जुळवले गेले होते. साठ लाख लोकांची माहिती अशी फुटली. २०१८ च्या एप्रिलमध्ये अमेरिकी संसदेत खासदार बेन लुहान यांनी झुकरबर्गला शॅडो प्रोफाइलबद्दल विचारलं तर तो म्हणाला, हा शब्द माझ्या परिचयाचा नाही. खातं नसलेल्यांचीही माहिती सुरक्षेच्या कारणासाठी गोळा होते, हे मात्र त्याने त्याच बैठकीत मान्य केलं.

आणि जॉइन लावायला कंपनीच असावं लागतं असंही नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये ५३ कोटींहून अधिक फेसबुक वापरणाऱ्यांचे नंबर आणि नावं एका फोरमवर फुकट पडलेली सापडली. फेसबुकच्या म्हणण्यानुसार कोणी सर्व्हर फोडला नव्हता. संपर्क यादी चढवा आणि मित्र शोधा, ही जी सोय होती तिचाच वापर झाला: नंबरांच्या याद्याच्या याद्या ‘माझे संपर्क’ म्हणून चढवायच्या, आणि कोणता नंबर कोणाचा हे नेटवर्क आपणहून सांगणार. पुढच्या वर्षी आयर्लंडच्या डेटा आयोगाने यासाठी २६.५ कोटी युरोंचा दंड केला. मला विचाराल तर ही चोरी म्हणण्यापेक्षा काउंटरवर रांगेत उभं राहून घेतलेली माहिती होती.

केंब्रिज अ‍ॅनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीचं प्रकरण सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून त्यातला एकच आकडा सांगते. स्वभावचाचणीचं ते अ‍ॅप सुमारे २ लाख ७० हजार लोकांनी घेतलं. माहिती गेली, फेसबुकच्याच अंदाजाने, ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची. भागाकार करा: एकाने ‘मान्य आहे’ म्हटलं आणि त्याच्या तीनशेहून अधिक मित्रांच्या वतीनेही ते म्हटलं गेलं. तेव्हाच्या नियमांत अ‍ॅपला मित्रांची माहिती मागता येत होती. ती या सल्लागार कंपनीकडे गेली हा नियमभंग होता. ती अ‍ॅपकडे पोचली हा नव्हता. म्हणूनच फेसबुक सुरुवातीला ठासून सांगत होतं की ही डेटाची चोरी नाही. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर होतं, आणि मला तरी त्यातलं सगळ्यात भीतिदायक तेच वाटतं.

यावर हल्ली एक उपाय मोठ्या उत्साहाने सुचवला जातो: तुमचा डेटा ही तुमची मालमत्ता माना, विका, भाड्याने द्या, पैसे कमवा. माझा यावर काडीचा विश्वास नाही. मालमत्ता म्हटली की मालक कोण ते ठरवावं लागतं, आणि सोशल नेटवर्कच्या टेबलांत एका मालकाची ओळ शोधून सापडत नाही. मेसेजची ओळ घ्या: पाठवणारा, मिळवणारा, मजकूर, वेळ. यात मालक कोण? ग्रुप फोटोत सात जण, काढणारा आठवा, चढवणारा नववा. गूगलचं ऑर्कुट हे सोशल नेटवर्क ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं तेव्हा आपलं आपलं उतरवून घ्या असं गूगलने सांगितलं होतं. माझ्या मैत्रिणीने माझ्या पानावर लिहिलेले स्क्रॅप, म्हणजे छोटे निरोप, ‘माझे’ होते की ‘तिचे’? तिला तेही जतन करायचे होते, आणि तिच्या उतरवलेल्या फाइलीत ते नव्हते. युरोपचा जीडीपीआर २५ मे २०१८ पासून लागू आहे, त्यात माहिती मागायचा, पुसायला लावायचा, दुसरीकडे न्यायचा हक्क आहे. चांगला कायदा आहे, मी त्याच्या बाजूने आहे. पण दुसरीकडे न्यायचा हक्क वापरून मी माझ्या पोस्टी नेईन. खालचं भांडण, ज्यामुळे ती पोस्ट वाचण्यासारखी होती, ते इथेच राहील.

डेटाबेसमध्ये एक कॉलम मी आजवर क्वचितच पाहिला आहे: ‘का दिलं’. नंबर टेबलात पडला की तो नुसता नंबर असतो. पासवर्ड हरवला तर ओटीपी यावा म्हणून दिला, की मैत्रिणीला सापडावं म्हणून, की जाहिरातीसाठी, याची त्या दहा आकड्यांना काही आठवण नसते. ट्विटरने नेमकं हेच केलं. खात्याच्या सुरक्षेसाठी म्हणून घेतलेले नंबर आणि ईमेल जाहिराती नेमक्या माणसांवर सोडायला वापरले. १४ कोटींहून अधिक लोकांचे. २०२२ मध्ये त्यांना अमेरिकेत १५ कोटी डॉलर भरावे लागले. त्याआधी फेसबुकचंही असंच काहीसं प्रकरण झालं होतं, आणि २०१९ च्या ५०० कोटी डॉलरच्या दंडासोबत सुरक्षेचे नंबर जाहिरातींना वापरायचे नाहीत, असं त्यांना लेखी बजावलं गेलं.

व्हॉट्सअ‍ॅपचा किस्सा तर शिकवणीत लावावा असा आहे. २०१४ साली फेसबुक ते विकत घेत होतं तेव्हा युरोपीय आयोगाला सांगितलं गेलं की दोन्हीकडची खाती खात्रीशीरपणे आपोआप जुळवणं आम्हाला शक्य होणार नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने अटी बदलल्या आणि नंबर फेसबुकच्या खात्याशी जोडायची शक्यता त्यात आली. आयोगाने चौकशी केली; तशी तांत्रिक शक्यता २०१४ लाही होती आणि ती तिथल्या लोकांना माहीत होती, असं निघालं. २०१७ मध्ये ११ कोटी युरोंचा दंड झाला. दोन टेबलांत फोन नंबरचा कॉलम आहे आणि जॉइन लावता येत नाही? हे मी माझ्या बॉसला सांगून बघितलं असतं तर त्याने मला सुट्टीवर पाठवलं असतं.

म्हणून ‘माझ्या डेटावर ताबा कोणाचा’ याचं माझं उत्तर धंदेवाईक आहे. ओळ कोणाच्या नावावर आहे याला फार अर्थ नाही. जॉइन लावायची परवानगी कोणाला आहे, आणि ती नाकारायची ताकद कोणाकडे आहे, तेवढंच बघायचं. मेसेज एन्क्रिप्ट असला तरी कोण कोणाशी कधी बोललं ही ओळ शिल्लक असते, आणि जॉइनला तेवढी पुरते.

ताकद कशी हलते याचं एक उदाहरण आहे. एप्रिल २०२१ मध्ये अ‍ॅपलने आयफोनवर एक साधा नियम केला: दुसऱ्या कंपन्यांच्या अ‍ॅप आणि साइटवर माग काढायचा असेल तर आधी विचारा. तोवर नकार द्यायला सेटिंग्जमध्ये खोदावं लागे. आता प्रश्न समोर आला आणि ‘नको’ हे बटण ‘हो’एवढंच मोठं झालं. पुढच्या वर्षी यामुळे सुमारे १,००० कोटी डॉलरचा फटका बसेल असा अंदाज फेसबुकची मालक कंपनी मेटाने स्वतःच जाहीर केला. म्हणजे लोकांना पर्वा नसते, हे जे म्हणतात ते खोटं. लोकांना विचारलेलं नसतं. अ‍ॅपलचं काही फार कौतुक नको, त्यांचा स्वतःचाही जाहिरातींचा धंदा आहे.

मॅस्टोडॉनसारख्या विखुरलेल्या, म्हणजे वेगवेगळ्या लोकांच्या सर्व्हरवर चालणाऱ्या नेटवर्कवर जा म्हणजे प्रश्नच मिटला, असं सांगणारे मित्र मला आहेत. मी तिथे आहे, आवडतं. पण तिथले खासगी मेसेज टोकापासून टोकापर्यंत एन्क्रिप्ट नसतात, सर्व्हर चालवणाऱ्याने ठरवलं तर तो वाचू शकतो. आणि पोस्ट पुसली की इतर सर्व्हरना ‘कृपया तुम्हीही पुसा’ असा निरोप जातो, निरोपच. जॉइन लावणारा एक बडा मालक तिथे नाही, हा फरक मात्र खरा आणि मोठा आहे.

भाचीला शेवटी काय सांगितलं? संपर्क यादी कोणत्याही अ‍ॅपला देऊ नकोस. तुझ्यासाठी नाही, त्यात माझा नंबर आहे म्हणून. हे तिला लगेच पटलं, ‘तुझ्या सुरक्षेसाठी’ म्हटलं असतं तर पटलं नसतं. साइटवर खातं उघडताना ‘अमुकतमुकने लॉगिन करा’चं बटण टाळ, ईमेल वापर, आणि महत्त्वाच्या कामांचा ईमेल वेगळा ठेव. ओटीपीसाठी नंबराऐवजी ऑथेंटिकेटर अ‍ॅप चालत असेल तर ते घे. मैत्रिणीचा फोटो टाकायच्या आधी तिला विचार. ती म्हणाली, “आत्या, फोटोला कोण विचारतं?” मी म्हटलं, तू विचार, मग बघ त्या पण विचारायला लागतील. बघू.

आमच्याकडे गेल्या आठवड्यात एका फॉर्मवरून वाद झाला. वय १८ च्या वर आहे की नाही एवढंच कळायला हवं होतं, आणि डिझाइनमध्ये पूर्ण जन्मतारीख मागितली होती. का, तर “असू दे, पुढे लागेल”. जन्मतारीख, नाव आणि पिनकोड एवढ्यावर माणूस किती सहज ओळखू येतो हे मी फळ्यावर लिहून दाखवलं. तारीख जाऊन ‘हो किंवा नाही’ असा एक बिटाचा कॉलम आला. मार्केटिंगवाल्यांनी काल पुन्हा ईमेल टाकलाय की वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवायच्या आहेत, निदान दिवस आणि महिना तरी द्या. गुरुवारी मीटिंग आहे. मी नाही म्हणणार आहे.